काळी दोनची गिरणी

"ऐकू आलं? आलं ना? आता तुम्हीच सांगा, हे घर आहे की कारखाना?"

चपला काढायच्या आधीच मला हा प्रश्न विचारण्यात आला. एका हातात आवाज मोजायच्या यंत्राची पेटी, दुसऱ्या हातात तीन पायांचा स्टँड, खांद्याला पर्स, आणि जिना चढून आल्यामुळे माझं काळीज माझ्याच कानात धडधडत होतं. त्या घटकेला मला तेवढंच ऐकू येत होतं. तसं सांगणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी "हो का?" म्हणाले.

"हो का काय? साहेब कुठायत?"

"कुठले साहेब?"

"मोजणारे."

"मीच मोजते."

दार उघडणाऱ्या विश्रामअण्णांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग माझ्या मागे जिन्यात डोकावले. एखादा मिशीवाला माणूस धापा टाकत येत असेल अशी त्यांना आशा होती. कुणी आलं नाही.

"बरं," ते म्हणाले, "यंत्र तरी सरकारमान्य आहे ना?"

म्हणजे माझ्यावर पाणी सोडून त्यांनी यंत्रावर भिस्त ठेवली. मी म्हटलं, आहे. आणि आत शिरले.

ही गोष्ट कऱ्हाडची, बऱ्याच वर्षांपूर्वीची. मी तेव्हा कोल्हापूरच्या एका प्रयोगशाळेत नोकरी करत होते. आम्ही लोकांना पाणी, धूर आणि आवाज तपासून द्यायचो. पाणी आणि धूर दोन पुरुषांनी वाटून घेतला होता, कारण त्यात कारखान्यांचं जेवण असायचं. आवाज माझ्याकडे होता. आवाजात भांडणं असायची. ज्याचा मोजायचा तो शिव्या घालायचा आणि ज्याच्यासाठी मोजायचा तो आकडा कमी आला म्हणून शिव्या घालायचा. तरी मला ते काम आवडायचं, का ते विचारू नका.

विश्रामअण्णा गुरव हे पेटी दुरुस्त करणारे. बाजाची पेटी, हार्मोनियम. सूर बसवायचे, घासायचे, लावायचे. साताऱ्यापासून सांगलीपर्यंतची भजनी मंडळं त्यांच्याकडे पेट्या आणायची, आणि मोठमोठे गवईसुद्धा आणायचे असं निदान अण्णांचं म्हणणं होतं. भिंतीवर त्या गवयांबरोबरचे फोटो होते. प्रत्येक फोटोत गवई पेटीकडे बघत होता आणि अण्णा कॅमेऱ्याकडे.

त्यांच्या घराच्या मागच्या बाजूला, खाली बोळात, छबूताई डुबल यांची पिठाची गिरणी. अण्णांची तक्रार अशी की या गिरणीच्या घरघरीमुळे त्यांना सूर लावता येत नाहीत. गेल्या चार-सहा महिन्यांत तीन मंडळांनी पेट्या परत आणल्या होत्या, बेसूर म्हणून. विश्राम गुरवाची पेटी बेसूर! अण्णांनी नगरपालिकेत अर्ज टाकला. पालिकेने सांगितलं, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं माप आणा, सोमवारी सुनावणी ठेवतो. राहत्या वस्तीत दिवसा पंचावन्न डेसिबलची मर्यादा. त्याच्या वर आकडा गेला की गिरणीला कुलूप, आणि त्या गिरणीवर छबूताईंचं अख्खं घर चालत होतं. थोडक्यात, एका बाईची चूल माझ्या पेटीत होती, आणि तिथे मी आले होते शुक्रवारी.

शुक्रवार का, तर फोनवर एका बाईंनी ठासून सांगितलं होतं, "शुक्रवारीच या. दुसऱ्या कुठल्या दिवशी नको." मी डायरीत लिहून टाकलं. त्या दिवशी सकाळी आईने हातावर दह्याऐवजी शब्द ठेवले, "नागपंचमीला कुणी कामाला जातं का गं? लोकांना अक्कल नाही आणि तुला तर त्याहून नाही." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पण एस.टी.चं तिकीट काढून झालं होतं.

"अण्णा," मी बसता बसता म्हटलं, "आज पंचमी. आज गिरणी बंद असेल ना? आज कुणी दळत नाही."

"हीच तर गंमत आहे!" अण्णांनी मांडीवर थाप मारली. "चिरायचं नाही, तळायचं नाही, दळायचं नाही. सगळं गाव पाळतं. मी स्वतः सूर घासायची कानस हातात धरलेली नाही सकाळपासून. आणि ही बया? चालू! ऐका. ऐका की."

आम्ही दोघं ऐकू लागलो. स्वयंपाकघरात पुरणाची दिंडं उकडत होती, त्याचा वास आला. कुठेतरी लांब बायकांची फेराची गाणी चालली होती. खालून एक सायकल गेली.

"हं?" अण्णा म्हणाले.

"हं," मी म्हणाले. आणि खरं सांगते, मलाही क्षणभर काहीतरी घुमल्यासारखं वाटलं. इतक्या ठाम माणसासमोर बसलं की तसं होतं. त्यांनी म्हटलं असतं की खोलीत हत्ती आहे, तर मी पाय आखडून बसले असते.

"कुठला सूर आहे सांगू?" अण्णांनी डोळे मिटले. "काळी दोन. पेटीची दुसरी काळी पट्टी. सकाळ नाही, संध्याकाळ नाही, काळी दोन. बाईला संगीताचं काही कळत नाही, पण सूर सोडत नाही."

"तुम्ही खाली जाऊन सांगितलंत का कधी त्यांना?"

"तिच्या दारात? मी? अर्ज दिल्या दिवसापासून त्या बोळात पाऊल टाकलेलं नाही मी. कोर्टकचेरीत असंच असतं."

एवढ्यात काकू पाणी घेऊन आल्या. कौसाकाकू, अण्णांची बायको. बारीक, काटक बाई. माझ्याकडे बघून हसल्या आणि नुसतं "आलीस व्हय, बरं झालं" म्हणाल्या. फोनवरचा ठासून बोलणारा आवाज हाच, हे मी ओळखलं. पंचमीची तारीख देणारी अक्कल कुणाची तेही कळलं. मनातल्या मनात मी त्यांना आईचा निरोप पोचवला.

मग मी मांडामांड सुरू केली. आवाज मोजणं म्हणजे यंत्र हवेत धरून आकडा वाचणं, असा लोकांचा समज असतो. तसं असतं तर मला कोण पगार देतंय? स्टँड भिंतीपासून लांब, खिडकीपासून लांब, माणसाच्या बसल्या कानाच्या उंचीवर. माइकवर काळा स्पंजचा गोळा, वारा लागू नये म्हणून. पंखा बंद. घड्याळ बाहेर. फ्रिजचं बटण बंद. आणि सगळ्यात अवघड म्हणजे, घरमालकाचं तोंड बंद.

"आता पाच मिनिटं कुणीही बोलायचं नाही," मी सांगितलं. "यंत्र पाच मिनिटांची सरासरी काढतं. त्यात तुमचा आवाज आला तर तो गिरणीच्या नावावर जाईल."

"अगदी बरोबर. शास्त्र म्हणजे शास्त्र," अण्णा म्हणाले. "अगं ए, ऐकलंस का? बोलायचं नाही!"

यंत्र बहात्तरवर गेलं. मी पुन्हा सुरू केलं.

"ती कढई आपटू नकोस!"

पुन्हा सुरू.

"मी बोलत नाहीये, मी फक्त एवढंच विचारतोय की चालू केलंय का?"

असं चार-पाच वेळा झालं. त्या घरातला सगळ्यात मोठा आवाज कुणाचा, याचा पक्का अहवाल मी तेव्हाच देऊ शकले असते, पण त्यासाठी नगरपालिकेने मला बोलावलं नव्हतं. शेवटी मी अण्णांच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि पाच मिनिटं घोट तोंडात धरून बसायला सांगितलं. बसले बिचारे. गाल फुगवून, डोळे माझ्यावर रोखून.

आकडा आला एक्केचाळीस.

एक्केचाळीस म्हणजे काय, तर काहीही नाही. वाचनालयात पेपर उलटले तरी त्याहून जास्त होतं. मी अण्णांना आकडा सांगितला. त्यांनी पाणी गिळलं, आणि मग जे काही बोलले त्याचा अर्थ एवढाच होता की तुमचं यंत्र बहिरं आहे.

"यंत्र बहिरं नाही अण्णा."

"मग तुम्ही?"

"मी पण नाही."

"मग हे काय आहे?" त्यांनी दोन्ही हात पसरले. "हे, हे जे भरलंय या खोलीत! एवढं ढळढळीत! तुमच्या त्या खोक्याला दिसत नाही?"

अशा वेळेसाठी आमच्याकडे एक चीज असते, कॅलिब्रेटर. मुठीत मावेल एवढी नळकांडी. ती माइकवर बसवली की एकच एक सूर वाजवते, ठरलेल्या जोराचा, चौऱ्याण्णव डेसिबल. यंत्राने चौऱ्याण्णव दाखवलं की यंत्र शहाणं. मी ती बसवली, बटण दाबलं. बारीक शिट्टी वाजल्यासारखा सूर आला. अगदी काटेकोर चौऱ्याण्णव.

"बघा."

पण अण्णा आकड्याकडे बघतच नव्हते. त्यांनी मान तिरकी केली होती.

"पांढरी सात," ते म्हणाले. "पण चढी आहे. जराशी."

ती शिट्टी हजार कंपनांची असते आणि पांढरी सात त्याच्या अगदी किंचित खाली. हे मला कागदावर गणित करून कळतं. या माणसाला मान तिरकी करून कळत होतं. असा कान असलेल्या माणसाच्या पेट्या बेसूर म्हणून परत येतात, हे काही माझ्या पचनी पडेना.

"अण्णा, मग पेट्या कशा बिघडल्या?"

पहिल्यांदाच ते हळू बोलले. "दोन सूर एकत्र वाजवायचे. त्यात फरक असला की मध्ये लाट उठते, वाँव-वाँव अशी. ती लाट थांबेपर्यंत घासायचं. एवढाच धंदा आहे आमचा, त्यात जादू काही नाही. पण ती लाट असते बारीक. या घरघरीत ती बुडते. मी अंदाजाने घासतो. अंदाजाने! चाळीस वर्षं काम केलेल्या माणसाने!" आणि परत त्यांचा आवाज चढला. "म्हणून म्हणतो, त्या गिरणीला कुलूप लागलं पाहिजे. गिरणी थांबली की मी तिन्ही पेट्या एका दिवसात लावून देतो. एका दिवसात!"

आतून काही पडल्याचा आवाज झाला. काकूंच्या हातून झाकण सुटलं होतं.

मी म्हटलं, उगमापाशी पण माप घ्यावं लागतं, मी खाली गिरणीत जाऊन येते. तेवढीच मोकळी हवा. यंत्र उचललं आणि मागच्या जिन्याने बोळात उतरले.

गिरणीचं शटर खाली होतं. कुलूप लावलेलं. शटरशेजारच्या भिंतीवर हळदीने नागोबा काढला होता, फणा उभारलेला, खाली पणतीएवढ्या वाटीत दूध, आणि थोड्या लाह्या सांडलेल्या. उंबऱ्यावर हिरव्या बांगड्या भरलेली एक धिप्पाड बाई बसली होती. हातावर मेंदी, वाळायला पसरलेले दोन्ही पंजे.

"छबूताई डुबल?"

"व्हय. तुमी कोन?" तिने माझ्या हातातल्या यंत्राकडे बघितलं आणि तिचा चेहरा बदलला. "हां. आल्या म्हना की कुलूप लावनाऱ्या. लावा. मी आधीच लावून ठेवलंय, तुमाला तरास नको."

"गिरणी कधी बंद केली?"

"काल सांच्याला. काल गर्दी म्हंजी काय विचारू नका, पंचमीच्या आदल्या दिवशी सगळ्या गावाला दळायचं आठवतं."

"आज सकाळी? थोडा वेळ सुद्धा?"

"अवो बाई, पंचमीला कोन दळतं?" तिने मेंदीचे पंजे नाचवले. "आन तुमी बंद गिरनीचा आवाज मोजाया आलायसा व्हय? लई शिकलेल्या दिसता. किती भरला?"

माझं डोकंच फिरलं. कोल्हापूरहून उठून, सणाच्या दिवशी, आईची बोलणी खाऊन, मी एका कुलूप लावलेल्या शटरसमोर यंत्र घेऊन उभी होते आणि त्या बाईचं चुकत काहीच नव्हतं. त्या घराने मला खुळ्यात काढलं होतं. मी तरातरा परत फिरले. आता अण्णांना असं काही सुनवायचं होतं की यंत्र न लावताच शंभरच्या वर जाईल.

जिन्याच्या वळणावर काकू उभ्या होत्या. त्यांनी माझा दंड धरला.

"बघितलंस?"

"बघितलं! काकू, अहो गिरणी बंद आहे!"

"हळू. मला ठाव हाय ते." त्यांनी वर बघितलं. "तारीख मीच दिली हुती न्हवं? मुद्दाम दिली. वर्षात एक ह्योच दिस असा, की ती गिरनी दिसभर बंद राहती."

मी यंत्र पायरीवर ठेवलं.

"रात्री उठून बसत्यात," काकू म्हणाल्या. "म्हनत्यात, बघ, अजून चालू. मी खिडकी उघडून दाखवली. म्हनाले, तू तिला फितूर हायस. पोराने फोनवर सांगितलं, तर म्हनाले, मुंबईत बसून तुला काय ऐकू येनार. मग मी गप बसले. पेट्या परत आल्या तवा मला कळून चुकलं. गिरनी भाईर न्हाई, पोरी." त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पदराने खसकन पुसले. "सोमवारी ते तिच्या पोटावर पाय देतील. आन गिरनी बंद झाली, तरी ह्यांची थांबायची न्हाई. मग काय करतील सांग? मानसाचं ऐकत न्हाईत, यंत्राचं तरी ऐकतील म्हनून तुला बोलावली."

"काकू, मी आवाज मोजते. कान नाही मोजत."

"मग आवाजच मोज. पर त्यांच्यासमोर मोज."

माझा सगळा राग कुठे गेला कळलं नाही. त्या बाईची मला दया आली, आणि थोडी भीतीही वाटली, कारण वर जो माणूस बसला होता त्याचं सगळं आयुष्य त्या दोन कानांवर होतं आणि तो निरोप मी न्यायचा होता.

वर गेले. अण्णा टेकून बसले होते.

"काय? किती आला खाली? नव्वद?"

"अण्णा, तुम्हाला खाली यावं लागेल," मी म्हणाले. "उगमापाशी माप घेताना तक्रारदार हजर लागतो. नियम आहे."

असा कुठलाही नियम नव्हता. पण नियम म्हटलं की आपल्याकडे माणूस उठतो. अण्णांनी कुरकुर केली, त्या बयेचं तोंड बघायचं नाही म्हणाले, मग टोपी घातली आणि निघाले. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर मला सांगत होते, "ऐका, वाढतोय ना? बघा, आता कसा वाढला!" मागून काकू येत होत्या.

बोळात वळलो. समोर शटर.

अण्णा थांबले. कुलूप बघितलं, नागोबा बघितला, दूध बघितलं. छबूताई उंबऱ्यावरून उठून उभी राहिली होती. तिने बोलायला तोंड उघडलं, आणि काकूंचा चेहरा बघून मिटलं.

"आतून चालवतेय," अण्णा म्हणाले.

ते पुढे गेले आणि त्यांनी शटरवर तळहात ठेवला. पेटीचा भाता तपासताना ठेवतात तसा, हलका. बराच वेळ ठेवला. मग दुसरा ठेवला. गिरणी चालू असती तर ते पत्र्याचं शटर थरथरलं असतं, हे मला जेवढं कळत होतं तेवढं त्यांनाही कळत होतं.

"गार आहे," ते म्हणाले.

मी यंत्र त्यांच्यासमोर धरलं. त्रेचाळीस. लांबची गाणी, एक कावळा, आम्हा चौघांचे श्वास. त्यांनी आकडा वाचला. माझ्याकडे बघितलं नाही, काकूंकडे बघितलं.

"काळी दोन," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले. "कौसा, अजून वाजतोय गं."

त्या बोळात मी कुठे बघावं ते मला कळेना. काकूंनी त्यांचा हात धरला. अण्णांनी शटरला टेकून खाली बसायचा प्रयत्न केला आणि नागोबाच्या दुधाची वाटी लवंडली.

"राहू द्या, राहू द्या," छबूताई म्हणाली. तिने मेंदीचा विचार न करता वाटी सरळ केली. मग उभी राहिली आणि अण्णांकडे बघत राहिली. सोमवारी तिच्या धंद्याला कुलूप लावायला निघालेला माणूस तिच्या दारात असा बसला होता. तिला बोलायचा पूर्ण हक्क होता. तिने एक शब्द जरी टाकला असता, तरी कऱ्हाडात तो वर्षभर पुरला असता.

"माझ्या मामाला हुतं असं," ती म्हणाली. "त्याला रातकिडा ऐकू यायचा." मग कमरेची किल्ली काढली. "सरका जरा."

"अगं, काय करतीस?" काकू दचकल्या.

"चालू करतीया."

"आज? पंचमी हाय छबू!"

"रिकामी चालवते. दगूड वर उचलते, दाना घालत न्हाई. त्यातबी पाप लागलं तर लागूदे माझ्या डोक्याला." शटर धाडकन वर गेलं. "सहा म्हैनं माझ्या नावानं बोंब मारतायत. एकदा माझी गिरनी ऐकूंदे तरी त्यास्नी. खरी कशी वाजती ती."

तिने खटका ओढला. पट्टा फडफडला, मोटर कण्हली, आणि मग ती जी सुटली! पिठाची धूळ उडाली, पत्रे थरथरले, बोळातून माणसं डोकावली, समोरच्या घरातली बाई कानावर हात ठेवून ओरडली. छबूताईच्या मेंदीची तर पार वाट लागली. माझ्या हातातलं यंत्र सवयीने वर गेलं. अठ्ठ्याऐंशी.

मी अण्णांकडे बघितलं. वाटलं, आता हा माणूस तडकणार.

अण्णांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या. मान तिरकी केली. या बाजूला केली, त्या बाजूला केली, शिट्टी ऐकताना केली होती तशी. मग त्यांच्या आठ्या एकेक करून सुटल्या. ते काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही. मी वाकले.

"थांबला!" ते माझ्या कानात ओरडले.

"काय थांबलं?"

"तो! काळी दोन! ऐकू येत नाहीये!"

ते काकूंकडे वळले आणि दोन्ही हातांनी "नाही, नाही" अशी खूण केली, लहान पोराला संपलेला खाऊ दाखवतात तशी. काकू रडत होत्या आणि हसत होत्या, दोन्ही. छबूताई खटक्यावर हात ठेवून ओरडली, "बंद करू?"

अण्णांनी मान हलवली. उंबऱ्यावरच्या रिकाम्या पोत्यावर बसले, पाठ टेकली, डोळे मिटले.

"राहू दे," ते ओरडले. "राहू दे जरा."

सोमवारी सुनावणी झाली नाही, कारण तक्रारदाराने अर्ज मागे घेतला. सांगलीच्या कानाच्या डॉक्टरांनी त्यांना तपासलं, कान कुठे गेलाय ते सांगितलं, आणि हेही सांगितलं की हा आवाज जाणार नाही, पण दुसरा एखादा आवाज शेजारी असला की दबतो. ते छबूताईला आधीच कळलं होतं, आणि तिने फी घेतली नव्हती. पेट्यांचं काम काही बंद पडलं नाही. दोन सुरांमधली लाट काकू ऐकतात आणि "अजून, अजून, बास" म्हणतात, अण्णा घासतात. आणि रोज सकाळी अण्णा त्या पोत्यावर जाऊन बसतात, पेपर घेऊन. गावात म्हणे त्यांना विचारलं की काय अण्णा, गिरणीत काय करता, तर सांगतात, शांत बसतो.

माझ्या साहेबांनी मला विचारलं, कऱ्हाडचा अहवाल कुठाय? मी म्हटलं, आवाज सापडला, पण पालिकेच्या हद्दीबाहेर आहे. त्यांना ते पटलं. त्यांना धुराचं कळायचं.

पुढच्या श्रावणात काकूंचा फोन आला. पंचमीची दिंडं खायला ये म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यामागे एवढी घरघर चालली होती की मला अर्धं कळेना.

"काकू, हे काय वाजतंय?"

"गिरनी!"

"आज? पंचमीला?"

"व्हय! रिकामीच चालवती अर्धा तास, ह्यांच्यासाठी. आज दिसभर बंद ना, मग ह्यांचं हाल हुत्यात." काकू ओरडून बोलत होत्या. "गल्लीतल्या बायका भांडाया आल्या हुत्या, नागोबाचा कोप हुईल म्हनून. तर छबू काय म्हनली म्हाईत हाय?"

"काय म्हणाल्या?"

"म्हनली, नागोबाला कान नसत्यात. आमच्या अण्णांना हाईत."